मायनं नाव घेतलं तो दिवस

माय गेल्यावर जे लोक भेटायला आले, त्यांतले काही जाताना दारात रेंगाळले. चपला पायात घालता घालता, आवाज खाली आणून, सगळ्यांनी जवळजवळ एकच गोष्ट विचारली. आमच्याकडेही म्हातारं माणूस असंच करतं आहे. तुम्ही मायला तिकडे ठेवली होती ना, मग जागा कशी पाहिली, काय विचारलं? मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिलं. ते पुरेसं नव्हतं हे बोलतानाच कळत होतं, म्हणून आता बसून लिहिते आहे. वैद्यकातलं मला काही कळत नाही. जे घरात आणि त्या जागांमध्ये पाहिलं, तेवढंच इथं आहे.

आमचं गाव वांकिडीच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, पण आंध्रात. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी. मी गावातल्या मराठी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. त्याला सांगण्यासारखं मोठं कारण नाही. धाकटा भाऊ दत्तू मंचेरियलला कोळशाच्या खाणीत नोकरीला, तिथेच क्वार्टरमध्ये बायकोमुलांसह राहतो. बाबा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला गेले. त्यानंतर घरात माय आणि मी, दोघीच.

बजाराचा दिवस

आजाराकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबांची भाजीची वाडी होती. वांगी, मिरच्या, मेथी, आणि आम्ही जिला सांबार म्हणतो ती कोथिंबीर. बाबा पिकवायचे आणि माय बाजारात बसून विकायची. गावचा बाजार सोमवारचा. बाबांचं नाव सोमाजी. या दोन गोष्टी एकाच घरात आल्यामुळे मायची जन्मभर अडचण झाली.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही रीत तिच्या वयाच्या सगळ्याच बायका पाळायच्या. माय त्या नावाच्या आसपासचा शब्दही टाळायची. सोमवारला ती बजाराचा दिवस म्हणे. श्रावणातला सोमवार म्हणजे महादेवाचा उपास. बाजारातल्या बायकांना ही आयतीच गंमत मिळाली होती.

"काव पंचफुला, उद्या कोणता वार हाय व?"

"आदितवाराच्या पाठचा."

"पाठचा म्हंजे कोणता? नाव नाई का त्याले?"

"तुह्या सासूले इचार. तिले सांगता येते."

तहसीलमध्ये, रेशनच्या दुकानात, मतदानाच्या रांगेत कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की माय मला कोपरानं ढोसायची. मी पुढं होऊन सांगायची, "सोमाजी." कारकून लिहून घ्यायचा, माय पदर सावरायची, आम्ही पुढं सरकायचो. हे काम माझ्याकडे इतक्या लहानपणी आलं की ते कोपर माझ्या बाजूला नेमकं कुठं लागायचं ती जागा मला आजही दाखवता येईल. लहान होते तेव्हा खांद्यावर लागायचं, मोठी झाल्यावर बरगडीत.

सुरुवात

बाबा गेल्यानंतर माय गोंधळू लागली. लोक म्हणाले, घरचा धनी गेला की बाई काही दिवस हरवतेच. आम्हीही तेच धरून चाललो. बाजारात ती दुसऱ्या बाईच्या जागेवर जाऊन बसायची. कोणी सांबार मागितला तर मेथीची जुडी द्यायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही.

एका दुपारी शाळेतून आले तर घर उघडं. ती वाडीत होती. बाबांच्या मागं आम्ही वाडी दुसऱ्याला कसायला दिली होती. माय विहिरीच्या कडेला बसली होती, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर.

"कायले बसली अथी, माय?"

"थे जेवले नाईत अजून. मोट सोडून येतच असतीन."

मी सरळ सांगून टाकलं, "माय, बाबा गेले."

ती आत्ताच बातमी कळल्यासारखी रडली. ऊर बडवून, अगदी पहिल्या दिवसासारखी. मी तिला कसंबसं घरी आणलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा भाकर बांधून ती विहिरीवर. मी पुन्हा सांगितलं आणि ती पुन्हा तशीच रडली. तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले. "येतीन, जराशानं येतीन. तोवर तू दोन घास खाय," म्हटलं. ती जेवली. तुमच्या घरी हे सुरू झालं असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, की खरं सांगण्याचा हट्ट सोडा. तुम्ही एकदा सांगता, पण त्यांना तो माणूस दरवेळी नव्यानं गमवावा लागतो.

डॉक्टरसमोर

दत्तूनं रजा काढली आणि आम्ही तिला हैदराबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. रेल्वेत ती खिडकीशी बसून खुश होती. दवाखान्यातली रांग लांब होती. बाकावर आमच्या शेजारी एक मुलगी आपल्या वडिलांचा हात धरून बसली होती, आणि ते वडील तिला पुन्हा पुन्हा तिचं नाव विचारत होते. मी पुस्तक नेलं होतं, उघडलं नाही.

डॉक्टर तरुण होता, तेलुगू घरातला, पण आमच्याशी हिंदीत बोलला. खुर्ची पुढं ओढून मायच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला. मला ते आवडलं.

"अम्मा, आज कौन सा दिन है?"

नेमका सोमवार होता. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत विचारलं, "आज वार कोणता, माय?"

"काल आदितवार होता," ती म्हणाली.

"कल का नहीं अम्मा, आज का."

"आज बजाराचा दिवस."

डॉक्टरनं काहीतरी लिहिलं. "अच्छा, पती का नाम?"

माझ्या बरगडीत कोपर बसलं. मी तोंड उघडलं तशी त्यानं हात वर केला. "आप मत बोलिए बहनजी. उन्हें बोलने दीजिए."

पुन्हा कोपर, या वेळी जोरात. मी गप्प आहे हे पाहून मायनं पदर ओठांवर घेतला आणि नव्या नवरीसारखी हसली. डॉक्टर पुन्हा लिहायला लागला, तेव्हा मात्र मी बोलले. नाव, वार, बाजार, सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन हसला. "मेरी नानी भी नहीं लेती थीं," म्हणाला. "ये दोनों जवाब सही मान लेता हूँ."

मग त्यानं मायला तीन वस्तूंची नावं सांगितली, मधे दुसरं काही बोलला, आणि थोड्या वेळानं ती नावं विचारली. तिला एकही आठवेना. वस्तू सांगितल्या होत्या हेच तिला आठवत नव्हतं. मुलं किती विचारल्यावर तिनं दत्तूचं नाव घेतलं, मग मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. "अन् हे मास्तरीण," म्हणाली.

डॉक्टर म्हणाला, हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणारा. मागं फिरवणारं औषध आज कोणाकडेच नाही. काळजी घेणाऱ्यानं स्वतःलाही सांभाळावं. दत्तूनं मान हलवली. औषध किती दिवस द्यायचं असं त्यानं तीनदा विचारलं आणि डॉक्टरनं तिन्ही वेळा न चिडता उत्तर दिलं.

बाहेर आल्यावर माय मला म्हणाली, "थो पोट्टा काऊन इचारत होता व थ्याहीचं नाव? त्याले मालूम नाई का?"

"नाई मालूम, माय."

"मंग तू काऊन नाई सांगतलं?"

परतीच्या गाडीत मी ठरवलं की माझ्यापुरतं एक माप धरायचं. वस्तू गेल्या, मी गेले. पण जोवर नाव विचारल्यावर कोपर लागतं आहे, तोवर तिला ठाऊक आहे की ती कोणाच्या घरची. तोवर ती घरातच राहील. दत्तूला हे सांगितलं नाही. तो हसला नसता, पण त्याला ते पटलंही नसतं.

घर

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती सगळी सारखीच होती.

सकाळी तिला आंघोळ घालणं हे युद्ध होतं. मी लाज आणणारी कोणी परकी बाई आहे असं तिला वाटे. कोमट पाण्याचा तांब्या आधी तिच्याच हातात द्यायचा आणि तिच्याच पायावर ओतू द्यायचा, हे मला फार उशिरा सुचलं. शाळेच्या वेळात शेजारची पोशव्वा तिच्याजवळ बसायची. पोशव्वाचं मराठी मोडकं, मायचं तेलुगू बाजारापुरतं, पण दोघींचं तासन्‌तास चालायचं. "टीचरम्मा, मी हाय ना. तुमी जा," असं पोशव्वा म्हणायची आणि मी जायची. वर्गात कविता शिकवताना माझा एक कान गावाकडे असायचा.

दत्तू काही महिने तिला मंचेरियलला घेऊन गेला. तिथं तिला क्वार्टर ओळखू येईना. सगळ्या ओळी, सगळी दारं सारखी. ती एका दुपारी निघाली ती रुळांच्या बाजूला सापडली, डोक्यावर रिकामी टोपली. रेल्वेतल्या कोणी माणसानं हात धरून आणून सोडली. मी धावत गेले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात उभी होती, डोळे सुजलेले.

"वन्स, रागावू नका," ती म्हणाली. "तुमी शाळेत जाता, तेवढीच तुमची सुटका होते. मले कुठी शाळा हाय? सासूबाई माह्या लेकराले चोर म्हंतात. दिवसभर म्हंतात."

ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. मी मायला परत गावी आणली. पण त्या दिवसापासून दत्तू मायला ठेवायला जागा शोधायला लागला आणि मला विरोध करता येईना.

पहिली जागा

पहिली जागा हैदराबादच्या बाहेर होती. मोठी इमारत, फरशी लखलखीत, फिनेलचा वास. जेवणाच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या, जेवण भाताचं. दाखवणाऱ्या बाई चांगल्या होत्या. प्रत्येक खोलीत पंखा आहे, आठवड्याला डॉक्टर येतो, फाटकाला कुलूप असतं. दत्तूला ते सगळं पसंत पडलं. रुळांचा प्रसंग झाल्यावर कुलूप त्याला देवासारखं वाटत होतं, आणि मीही कुलपाला नावं ठेवत नाही.

मग आम्ही बायकांच्या दालनात गेलो. ओळीनं खाटा, खाटांवर बायका, आणि सगळ्यांचे केस कापलेले. अगदी बारीक, मुलासारखे.

"उवा होतात," बाई म्हणाल्या. "आणि धुवायला सोपं."

कारण खरंच होतं. मी रोज मायचं डोकं धुवायची, मला ते माहीत होतं. पण मायच्या लहानपणी विधवेचं डोकं कसं करत, ते तिनं आपल्या आत्याचं पाहिलं होतं आणि मला सांगितलं होतं. तिला सकाळी उठून आपल्या डोक्यावरून हात फिरवताना काय कळेल, याचा विचार मी करू लागले. नवरा गेला हे ती विसरली होती. हाताला मात्र ते रोज सकाळी नव्यानं कळलं असतं.

दत्तू बाहेर आल्यावर म्हणाला, "अक्का, केसाचं काय घेऊन बसली? केस वाढतात."

"तिचे वाढू देतील का?"

बसमध्ये त्यानं माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. आमच्याकडे भांडण मिटलं हे असंच सांगतात.

दुसरी जागा

दुसरी जागा चंद्रपूरच्या बाजूला, एका ट्रस्टनं चालवलेली. इमारत जुनी, एका कोपऱ्यात छत गळाल्याचे डाग. पण बायका मराठी बोलत होत्या, आमच्यासारखंच, आणि जेवणात ज्वारीची भाकर होती. मायला घेऊन आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. अंगणात ऊन आलं होतं आणि बायका एकीमागं एक बसून एकमेकींची वेणी घालत होत्या. सगळ्यांत मागच्या बाईची वेणी घालायला तिथली सेविका बसली होती.

मी इथं जे पाहिलं ते तुम्हीही पाहा, म्हणून लिहिते. फरशी पाहू नका, नखं पाहा. कापलेली आहेत का, आणि आतून स्वच्छ आहेत का. बायकांच्या अंगावर त्यांचीच लुगडी आहेत की ढिगातून कोणाचंही कोणाला नेसवलं आहे, ते पाहा. जेवण उरकलेलं ताट कोण उचलतं, आणि न जेवलेलं ताट कोण उचलतं. कोणी रडत असेल तर आधी कोण वळतं. आणि हातांना काही काम आहे का. इथं ओट्याशी दोन म्हाताऱ्या शेंगा सोलत होत्या. अर्ध्या शेंगा सालींमध्ये जात होत्या आणि कोणी त्यांना बोलत नव्हतं. मायनं कोणी न सांगता तिथं बसकण मारली आणि शेजारी पडलेली मेथी निवडायला घेतली. तिचे हात काहीच विसरले नव्हते.

मला जागा आवडली, आणि आवडली म्हणून मी घाबरले.

वॉर्डनबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घेतलेल्या, बोलायला स्पष्ट. त्यांची एक अट होती. "ज्या बाईला आपलं नाव, गाव, घरच्या माणसाचं नाव सांगता येतं, तिला आम्ही घेतो. एकदा घेतली की शेवटपर्यंत सांभाळतो, मग तिला काहीही आठवेनासं होवो. पण आल्या दिवशीच काही ठाऊक नसेल, तर आमच्याकडे तेवढे हात नाहीत."

मायनं आपलं नाव सांगितलं. गाव सांगितलं, तेही तिच्या माहेरचं, पण बाईंनी चालवून घेतलं.

"आणि घरधन्याचं नाव, आजी?"

कोपर लागलं. हळू लागलं, पण लागलं. माय भिंतीकडे पाहत पदराशी चाळा करू लागली.

मी सांगायचा प्रयत्न केला. वॉर्डनबाईंनी शांतपणे ऐकलं. "मलाही माहीत आहे ती रीत," त्या म्हणाल्या. "पण इथं बाकीच्या आज्या सांगतात. आणि खरं सांगू, प्रत्येक नातेवाईक मला हेच म्हणतो की तिला सगळं आठवतं, फक्त बोलत नाही. मला तिच्या तोंडून ऐकू द्या. दिवाळीनंतर पुन्हा आणा."

दत्तू वाटेत चिडला होता. "एक शबुद! एक शबुद बोलली असती तर काम झालं असतं. माय, काऊन नाई बोलली तू?"

"काय बोलू रे?"

"बाबाचं नाव!"

"लाज नाई वाटत का तुले?" माय म्हणाली, आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. तोही हसला आणि मीही. ती आमची तिघांची शेवटची अशी वाट. मी तर मनातून सुटल्यासारखी होते. माझ्या मापानं ती अजून घरची होती, आणि वॉर्डनबाईंच्या मापात ती बसत नव्हती. दोन्ही मापं एकाच गोष्टीवर अडली होती, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

दिवाळीनंतर

त्या पावसाळ्यात तिची अवस्था फार ढासळली. चुलीतलं जळतं लाकूड उचलून तिनं छपराच्या वळचणीखाली ठेवलं. पोशव्वानं पाणी ओतलं म्हणून घर राहिलं. तिनं पोशव्वाच्या हाताला चावा घेतला. पोशव्वा पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पण आता तिची सून दाराशी उभी राहून कुरकुरायची. मी बदली शिक्षक मागितला, मिळाला नाही. वर्गात मला खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी लागली आणि मुलं एकमेकांना "शूऽऽ" म्हणत गप्प बसली, तेव्हा मला स्वतःची कीव आली.

भाकर बांधून विहिरीवर जाणंही थांबलं होतं. मी त्याचा अर्थ लावायचं टाळलं. त्या काळात मी तिला नाव कधी विचारलं नाही. शिक्षिका असून एक प्रश्न विचारायला मी भ्यायले.

दिवाळी झाल्यावर दत्तूनं पुन्हा रजा काढली. निघण्याआधी मी मायचं डोकं धुतलं, वेणी घातली, तिचं हिरवं लुगडं नेसवलं. मनात ठरलं होतं की तिथं काय होणार. विचारतील, कोपर लागेल, परत येऊ. मग दत्तू आणि मी दुसरं काहीतरी शोधू, दिवसभराची बाई ठेवू, काहीही करू.

त्याच खोलीत बसलो. त्याच वॉर्डनबाई. मी मुद्दाम मायच्या उजव्या हाताला बसले, अगदी लागून.

"नाव काय, आजी?"

"पंचफुला."

"गाव?"

तिनं पुन्हा माहेरचंच सांगितलं.

"आणि घरधन्याचं नाव?"

कोपर जिथं लागतं ती जागा मी तिच्याजवळ केली, इतकं मला आठवतं.

"सोमाजी," माय म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. पदर जिथं होता तिथंच राहिला.

दत्तू उभाच राहिला. "सांगतलं! अक्का, पाय, मायनं बराबर सांगतलं!" त्याचे डोळे भरून आले होते. वॉर्डनबाईंनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "बघा, मागच्यापेक्षा किती छान. काय करायचे आजी, सोमाजी?"

"वाडी होती त्यायची," माय म्हणाली. "भाजीची. मानूस चांगला होता म्हंतात."

"म्हंतात" हा शब्द दत्तूनं ऐकला की नाही, मी त्याला कधी विचारलं नाही. तो फार आनंदात होता. उत्तर बरोबर होतं. खोलीतल्या प्रत्येकाच्या दृष्टीनं बरोबर होतं. जिनं ते पन्नास वर्षं दिलं नव्हतं, ती तिथं नव्हती.

वॉर्डनबाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ठेवायचं ना आजपासून?"

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं की हा शब्द माझ्या तोंडून ओढून काढावा लागेल. तसं झालं नाही. जोवर तिला आपलं घर ठाऊक होतं तोवर मी तिला घरातून हलवणार नव्हते. आता ती घरातून निघून गेली होती, माझ्या आधीच. राहिली होती ती एक म्हातारी बाई. तिला भाकर, ऊन आणि वेणी घालणारे हात हवे होते, आणि ते तिथं होते.

त्यानंतर

ती तिथं दीड-पावणेदोन वर्षं होती. मी सुट्टीच्या दिवशी जायची. मला ती मास्तरीणबाई म्हणायची, बसायला जागा करून द्यायची, कधी माझ्या ओंजळीत निवडलेली मेथी ठेवायची. पहिले काही महिने मी परतताना रडायची. पुढं रडणं कमी झालं, तेही सांगून ठेवते, कारण ते कमी होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिचे केस शेवटपर्यंत लांब होते. थंडीतल्या तापानं ती गेली, तेव्हा सेविकेनं तिची वेणी घालून ठेवली होती.

तिथल्या सेविका सकाळी सगळ्यांना वार विचारत, डोकं चालतं राहावं म्हणून. सेविका मला कौतुकानं सांगायची, "तुमच्या आजी सोमवार बरोबर ओळखतात हो. बाकीचे वार चुकतात, पण सोमवार म्हटलं की लगेच मागून म्हणतात. मोठ्यानं म्हणतात." मी बरं वाटल्यासारखं हसायची.

मला स्वतःला न घेण्यासारखं नाव आयुष्यात कधी मिळालं नाही. वर्गात फळ्यावर मी सगळे वार लिहिते, मुलांकडून म्हणवून घेते. पण भाजीला निघताना पोशव्वानं विचारलं की आज इतकी गर्दी कशाची, तर मी म्हणते, आज बजाराचा दिवस. तिला समजतं.